खांबेट्यांच्या गाडीतला फुगेवाला

विकास नगरात श्रीरंग खांबेट्यांचं घर विचारलं तर कुणी सेक्टर सांगत नसे की नंबर सांगत नसे. "अच्छा, वो बिना हॉर्न वाले साइंटिस्ट साहब?" असं म्हणत आणि हात करत. आता काय म्हणावं! माणसानं सगळी नोकरी एका संशोधन संस्थेच्या यंत्रविभागात घालवली, भल्याभल्यांची रुसून बसलेली उपकरणं सुरू करून दिली, आणि गावानं लक्षात ठेवलं काय, तर हा हॉर्न वाजवत नाही. पण खोटं नव्हतं ते. खरंच वाजवत नसत.

त्याचं झालं असं. सांगलीहून नवे नवे लखनौला आले तेव्हा श्रीरंगरावांकडे एक स्कूटर होती आणि सांगलीच्या सवयी होत्या. चौकातल्या एका गल्लीत पुढे एक म्हातारे गृहस्थ रमतगमत चालले होते. ह्यांनी मागून सणसणीत हॉर्न दिला. म्हातारबुवा थांबले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हात कपाळाशी नेला आणि म्हणाले, "माफ़ कीजिएगा जनाब, हमें इल्म न था कि आप इतनी जल्दी में हैं. पहले आप." शिवी हासडली असती तर श्रीरंगरावांनी दोन परत दिल्या असत्या, सांगलीचेच ते! पण ह्या माफीला उत्तर कुठून आणणार? स्कूटर बंद केली, उतरले, आणि गल्ली संपेपर्यंत ती ढकलत म्हाताऱ्याच्या मागून चालत गेले. त्या दिवसापासून हॉर्नला हात लावणं बंद.

पुढे लखनौ बदललं. खुद्द लखनौकरच एकमेकांच्या कानात हॉर्न कोंबायला लागले. पण त्यांनी केव्हाच खुंटीला टांगलेली तहजीब हा सांगलीकर एकटा सांभाळत बसला. टेढी पुलियाच्या गर्दीत पुढे म्हैस आली तर म्हशीच्या मागे, टेम्पो आडवा राहिला तर टेम्पोच्या मागे. अगदीच झालं तर काच खाली करून, "भाईसाहब, ज़रा-सी जगह इनायत कीजिएगा." भाईसाहबांना ऐकू जायचं नाही. मग हे थांबायचे.

शेजारी बसलेल्या पद्मिनीताईंचा जीव मेटाकुटीला यायचा. "अहो, म्हशीला उर्दू कळत नाही. द्या ना हॉर्न!" पद्मिनीताई ही त्यांची बायको, आणि बाबुराव कंट्रोलर हे तिचे वडील. सांगलीच्या एस.टी. स्टँडावर ज्यांच्या शिट्टीशिवाय गाडी हलत नसे, ते बाबुराव. लग्नाआधीच तिनं वडिलांच्या मित्राच्या जीपवर हात बसवला होता. लायसन होतं, ते वेळेवर नवंही करून घेत होती. पण लखनौत गाडी चालवायला मिळाली ती एकदाच. शेजारून श्रीरंगरावांनी हॉर्नविषयी इतकं प्रवचन दिलं की तिनं हजरतगंजात भर रस्त्यात उतरून किल्ली त्यांच्या हातात दिली आणि सायकलरिक्षानं घरी आली.

ह्या बाईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. चंबळ, नर्मदा, विंध्य, सातपुडा, सगळं तोंडपाठ. आणि माहेरी जाताना हे सगळं दर वेळी रेल्वेच्या बर्थवर झोपेत ओलांडलं. "नर्मदा मी पोरांना फळ्यावर दाखवली हो," त्या म्हणायच्या, "स्वतः डोळ्यांनी बघितली ती पहाटेच्या धुक्यात, तीही वरच्या बर्थवरून मान मोडून." लग्नाला इतकी वर्षं झाली, बाईंनी दागिना मागितला नाही, काही नाही. मागितलं एवढंच, की एकदा लखनौहून सांगलीला गाडीनं जायचं. आपण दोघंच. वाटेल तिथं थांबायचं, झाडाखाली बसून डबा खायचा.

श्रीरंगरावांनी शब्द दिला होता, रिटायर झालो की पहिलं काम ते. दोन हजार तेराचा जानेवारी लागला आणि ते रिटायर झाले. बाबुरावांचं सहस्रचंद्रदर्शन जूनअखेरीला ठरलं. म्हणजे आधी जाऊन समारंभापर्यंत राहायला निमित्तही चालून आलं. गाडी होतीच, लखनौबाहेरच्या बक्षी का तालाबमधल्या एका हवाईदलातल्या अधिकाऱ्याकडून, पृथ्वीराज नावाच्या, त्याची बदली झाली तेव्हा घेतलेली जुनी चंदेरी सेडान. सगळं जमून आलं होतं. आणि संक्रांतीच्या दिवशी, दोघं तिळगूळ वाटायला निघाली असताना, डॅशबोर्डवर लाल दिवा लागला.

दिव्यात एक माणूस होता. सीटवर बसलेला, आणि त्याच्या पोटापुढे एक मोठा गोळा.

"हा कोण फुगेवाला?" पद्मिनीताईंनी विचारलं.

"एअरबॅग," श्रीरंगराव म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. गाडी आपटली तर पुढच्या दोघांसमोर फुगून येणाऱ्या पिशव्या असतात. त्यांच्यात कुठं तरी काही बिघडलं आहे, एवढंच तो दिवा सांगतो. कुठं, काय, ते सांगत नाही. घरी येईपर्यंत फुगेवाला आपोआप विझला. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठवड्यानं भूतनाथ मार्केटात पुन्हा हजर.

"हा दिवा कायमचा विझल्याशिवाय सांगलीला निघायचं नाही," त्यांनी जाहीर केलं.

आता इथं एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, कारण श्रीरंगरावांनी ती बायकोला सांगितली नव्हती. मागच्या पावसाळ्यात कानपूर रोडवर त्यांनी एक गाडी बघितली होती. उजवी बाजू जशीच्या तशी आणि डावी पुढची बाजू नाहीशी झालेली. रस्त्यात बाईची एक चप्पल पडली होती. तेव्हापासून पद्मिनीताई शेजारी डावीकडे बसल्या की ह्यांना ती चप्पल दिसायची. देवाशप्पथ, बाकी सगळी चेष्टा बाजूला, माणूस घाबरला होता. पण घाबरलो म्हणून सांगायची सवय नाही, म्हणून मग शास्त्र.

पहिल्यांदा गाडी गेली टेढी पुलियाजवळच्या जयसिंग मिस्त्रीकडे. जयसिंगकडे एक यंत्र होतं, गाडीला जोडलं की इंजिनाची सगळी दुखणी सांगायचं. एअरबॅगशी मात्र त्या यंत्राची बोलचाल नव्हती. शिवाय दिवा जयसिंगच्या दारात कधी लागायचाच नाही. वैद्याचं दार दिसलं की बरं वाटायला लागणारी माणसं असतात ना, तशातली गत. जयसिंगनं लाइट बघितले, वायपर बघितले, "हॉर्न-वॉर्न सब ठीक है ना सर?" विचारलं. "बिलकुल ठीक," श्रीरंगराव ठामपणे म्हणाले. मग जयसिंगनं कान खाजवला आणि रामबाण उपाय सांगितला, "सर, बल्ब ही निकाल देते हैं. न रहेगा बाँस, न बजेगी बाँसुरी."

श्रीरंगराव इतके संतापले की आवाज चढवून म्हणाले, "आपसे ये उम्मीद न थी." त्यांच्या हिशेबी ही आईबहिणीवरची शिवी होती.

दुसऱ्या एका मोठ्या वर्कशॉपातल्या टायवाल्या पोरानं सांगितलं, "पूरा मॉड्यूल चेंज करा लीजिए, फिर देखते हैं."

"आधी बघ, मग बदल!" श्रीरंगराव घरी येऊन भिंतीला सांगत होते. "निदान नाही आणि निघाले ऑपरेशन करायला!"

तेव्हा निदान आपणच करायचं ठरलं. यंत्रविभागात त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी पुष्कळ पीएच.डी.वाल्यांच्या डोक्यात हाणून बसवला होता, एका वेळी एकच गोष्ट बदला. इंटरनेटवर वाचलं, पुढच्या सीटखाली पिवळा प्लग असतो, तो ढिला होतो. डावी सीट मागे सरकवली. तिच्याखाली पद्मिनीताईंची छत्री, शेंगदाण्याची फोलपटं आणि गेल्या दिवाळीची एक चकली निघाली. प्लग साफ केला, घट्ट बसवला. संस्थेत जाऊन आले, सगळा आठवडा दिवा नाही. रिटायर झाले तरी रोज जात होते बरं का, नव्या साहेबाला सल्ला द्यायला, त्यानं मागितला नव्हता तरी. रविवारी पद्मिनीताईंना घेऊन बाजारात गेले. फुगेवाला हजर!

पुढचा आठवडाही तसाच. एकटे असले की दिवा नाही. पद्मिनीताई शेजारी बसल्या की दिवा. श्रीरंगरावांच्या डोक्यात पक्कं बसायला लागलं. पण शास्त्र म्हटलं की तुलना हवी. त्यांनी कुंपणावरून शेजारच्या नरेंद्र मिश्राजींना हाक मारली. मिश्राजी वीजखात्यातून रिटायर झालेले, देहानं भरलेले.

"मिश्राजी, गुस्ताख़ी माफ़, आपका वज़न कितना होगा?"

मिश्राजींनी सावधपणे विचारलं, "क्यों, कुछ उठवाना है क्या?"

मिश्राजींना डाव्या सीटवर बसवून त्यांनी सरळ रिंग रोड गाठला, दूरवर गेले आणि तसेच परत आले. दिवा नाही. मिश्राजींना वाटेत चहा मिळाला, ते खूष. श्रीरंगरावांना पुरावा मिळाला, ते त्याहून खूष.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे पुढे आल्यावर ते म्हणाले, "निदान झालं. दिवा तुझ्यामुळे लागतो."

पद्मिनीताईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "माझ्यामुळे."

"म्हणजे तू बसलीस की. सीटखालची तार दाबली जाते. व्यक्तिशः घेऊ नकोस."

"नवऱ्यानं सांगितलेलं व्यक्तिशः नको घेऊ तर काय सरकारी परिपत्रक म्हणून घेऊ? आणि मिश्राजी बसले तेव्हा बरी नाही दाबली गेली?"

इथं शहाण्या माणसानं पोहे खाल्ले असते. पण श्रीरंगराव म्हणाले, "वजन तेवढंच असलं तरी वाटप वेगळं असतं."

त्यानंतर दोन दिवस त्या घरात फक्त टीव्ही बोलत होता. मग पद्मिनीताईंनी तोंड उघडलं ते एवढंच सांगायला, "संशोधनात जे दिवे लावलेत ते पुरेत. आता घरात लावू नका."

पण ह्यांचं मत बदललं नाही. बिघाड डाव्या सीटचा, तेव्हा डाव्या सीटवर बसायचं नाही. पद्मिनीताई मागे, पट्टा लावून. हे पुढे एकटे. तरी बाजारात दिवा लागलाच, तर मागूनही तार दाबली जाते, असं त्यांनी बसवून टाकलं. कॉलनीत लगेच बोभाटा झाला. कुणी म्हणालं भांडण झालं, कुणी म्हणालं मराठी लोकांत साठीनंतर असंच बसतात. निशातगंजात एका लग्नाला गेले तर लॉनच्या गुरख्यानं मागचं दार उघडून पद्मिनीताईंना कडक सलाम ठोकला आणि श्रीरंगरावांना सांगितलं, "ड्राइवर लोग उधर." आता ह्यांनी सांगावं ना, की बाबा रे, मी पाहुणा आहे! पण त्या गुरख्याला ओशाळं कशाला करा, म्हणून हे मुकाट्यानं तिकडे गेले. ड्रायव्हरांच्या रांगेत उभे राहून पुरी-सब्जी खाल्ली, "पहले आप" म्हणत शेवटून दुसरे. आत पद्मिनीताई प्रत्येकाला सांगत होत्या, येतायत, गाडी लावतायत.

घरी येताना मागच्या सीटवरून आवाज आला, "खरं सांगा. तुम्हाला सांगलीला यायचंच नाहीये ना?"

"असं कसं म्हणतेस?"

"मग काय म्हणू? होळीला निघणार होतो, राहिलं. पाडव्याला निघणार होतो, राहिलं. तो दिवा तुमच्या पथ्यावरच पडलाय."

श्रीरंगरावांच्या ओठांवर कानपूर रोड आला होता. पण त्यांनी तो गिळला आणि म्हणाले, "निरीक्षणं अजून अपुरी आहेत."

बाबुरावांचे फोन चालूच होते. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण आवाज अजून स्टँडावरचा. "जावईबापू, गाडीनं येणार, गाडीनं येणार म्हणता! गाडी काय नर्मदेतून पोहत यायचीय?" बंगळूरची मुलगी अवनी आईबापांचं मराठी सगळं ऐकून घ्यायची आणि हिंदीत निकाल द्यायची, "पापा, गाड़ी बेच दो ना यार. मम्मी का ट्रेन से टिकट कर देती हूँ."

आणि खरंच केलं. पद्मिनीताईंनी चहाबरोबर त्याचा कागद टेबलावर ठेवला. तिकीट एकाचंच होतं. श्रीरंगरावांनी ते दोनदा वाचलं. मग घडी घालून बशीखाली ठेवलं आणि म्हणाले, "खालचा बर्थ मिळाला, बरं झालं." त्या उठून आत गेल्या.

जून चढला. दशहरी आंबे पिकले. एका सकाळी पद्मिनीताई पिशव्या घेऊन तयार होऊन उभ्या राहिल्या. "मलिहाबादला जायचंय. बाबांसाठी आंबे न्यायचेत."

"सांगलीला? हापूस खाणाऱ्यांना दशहरी?"

"खातील नाहीतर नाकं मुरडतील. मी इतकी वर्षं कुठल्या गावात काढली ते कळू दे त्यांना."

श्रीरंगरावांनी सवयीनं मागचं दार उघडलं. पद्मिनीताईंनी ते ढकलून लावलं. "आज मी चालवणार. बिघाड डाव्या सीटखाली आहे ना तुमच्या शास्त्राप्रमाणे? मग मी उजवीकडे बसते. तुम्हाला कुठं बसायचं ते बसा."

एका वेळी दोन गोष्टी बदलतायत, असा आक्षेप श्रीरंगरावांच्या मनात येऊन गेला. पण मग वाटलं, धोक्याची जागा आपल्याकडे येते आहे, तिच्याकडे नाही. हे बरंच झालं. ते डावीकडे बसले.

अरे बापरे, काय चालवली बाईनं गाडी! फाटकाबाहेर पडतानाच एक हॉर्न. कोपऱ्यावर एक. कुत्र्याला एक. टेम्पोला तीन, पैकी शेवटचा लांब, बाबुरावांची शिट्टी आठवावी असा. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या हॉर्नमधून निघत होतं. श्रीरंगराव शेजारी लाजेनं सीटमध्ये रुतत चालले होते. ज्याला ज्याला हॉर्न बसला त्याला काचेतून हात कपाळाशी नेऊन माफी मागत होते. हरदोई रोडवर एका ट्रकवाल्यालाही त्यांनी आदाब केला. तो बिचारा गोंधळून बाजूला झाला.

मलिहाबादच्या अलीकडे बागेकडे जाणारी वाट एकदम काटकोनात वळते. पद्मिनीताईंनी चाक पुरतं फिरवलं. समोर आंब्याच्या पेट्या भरलेला ट्रॅक्टर. त्यांनी हॉर्नवर तळवा मारला. काही नाही. पुन्हा मारला.

"अहो, हॉर्न मेला!"

"देवाला दया आली," श्रीरंगराव म्हणाले. आणि तेवढ्यात त्यांना तो दिसला. डॅशबोर्डवर फुगेवाला, लालबुंद. क्षणभर त्यांच्यातला शास्त्रज्ञ पार आडवा झाला आणि तोंडून निघून गेलं, "म्हणजे तू उजवीकडे बसलीस तरी लागतो! म्हणजे तूच!"

"मी काय वीजघर आहे?" पद्मिनीताई कडाडल्या.

ट्रॅक्टर गेला. वाट सरळ झाली. पद्मिनीताईंनी रागानं हॉर्नवर हात ठेवला तर तो ठणठणीत वाजला. थोडं पुढे गेल्यावर फुगेवालाही गुपचूप विझला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"फुगेवाला आला की हॉर्न जातो," पद्मिनीताई सावकाश म्हणाल्या.

"ह्याच्या आधी कधी गेला होता?"

"मला काय विचारता? गाडी तुम्ही चालवता. तुमचा हॉर्न जिवंत आहे की मेलाय, तुम्हाला तरी कधी कळलंय का?"

श्रीरंगरावांना आठवलं. जयसिंगनं विचारलं होतं आणि आपण न तपासता 'बिलकुल ठीक' म्हणालो होतो! न वाजवलेली गोष्ट ठीक आहे म्हणून सांगितली होती! यंत्रविभागात कुणी असं केलं असतं तर त्याला त्यांनी दिवसभर उभं केलं असतं.

"थांब. गाडी त्या मोकळ्यात घे. चाक पूर्ण डावीकडे. आता हॉर्न दे."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कुणाला हॉर्न दे म्हणत होता. पद्मिनीताईंना काय, सोन्याहून पिवळं! चाक टोकाला नेलं की हॉर्न मुका आणि थोड्या वेळानं दिवा. चाक सरळ केलं की हॉर्न परत. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आंब्याच्या बागेत नुसता गजर चालला. राखणदार धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "साहब, तोते उड़ाने को हमारे पास पटाखे हैं. आप क्यों तकलीफ़ करते हैं?"

श्रीरंगरावांना त्याला मिठी मारावीशी वाटली. "अगं, पट्टी! स्टिअरिंगच्या चाकाखाली एक तारेची पट्टी गुंडाळलेली असते. चाक फिरेल तशी उलगडते, गुंडाळते. हॉर्नची तार तिच्यातून जाते आणि पिशवीचीही. तिला चीर गेली असणार. चाक टोकाला नेलं की ओढ बसते आणि दोन्ही एकदम तुटतात!"

"मग मी बसले की दिवा का लागायचा?"

"कारण तुला घेऊन मी बाजारात जातो. तिथं गाडी लावायला चाक टोकापर्यंत फिरवावं लागतं. संस्थेचा रस्ता सरळ. मिश्राजींना नेलं तोही सरळ." त्यांनी कान पकडले. "दिवा बाजारामुळे लागत होता. तुझ्यामुळे नव्हे. चुकलो."

"मिश्राजींचीही माफी मागा. चारचौघांत वजन विचारलंत त्यांचं." पण बाई हसल्या. संक्रांतीनंतर पहिल्यांदा गाडीत हसल्या असतील. आंबे घेतले, एक तिथंच चोखून खाल्ला, आणि येताना हॉर्न थोडे कमी दिले.

दुसऱ्या दिवशी दोघंही जयसिंगकडे गेली. जयसिंगनं बॅटरीची तार सोडली, थोडं थांबला, मग स्टिअरिंगचं मधलं झाकण अलगद उचलून बाजूला ठेवलं. चाक काढलं. खाली काळ्या डबीत ती पट्टी होती, आणि एका जागी तिला केसाएवढी चीर होती. श्रीरंगरावांनी ती भिंगातून बघितली, पद्मिनीताईंना दाखवली, शेजारच्या पंक्चरवाल्यालाही बोलावून दाखवली.

"दिल्ली से मँगवा देते हैं सर, चार-छः रोज़ में आ जाएगा," जयसिंग म्हणाला. समारंभ अजून पुढे होता. हिशेब बसत होता.

पद्मिनीताई त्या उघड्या स्टिअरिंगकडे बघत होत्या. "भैया, और मेरी तरफ़ वाला बैग? वो भी इसी तार पर है?"

"नहीं आंटी, आपका वाला तो इधर डैशबोर्ड में है. उसका तार अलग है, एकदम सलामत. ये तो साहब वाला था."

पद्मिनीताईंनी मान हलवली. मग एकदम वळल्या. "साहेबांची? म्हणजे हे सगळे महिने बंद होती ती तुमची पिशवी?"

"तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर..."

"तंत्र गेलं खड्ड्यात! मला मागे बसवलंत, पट्टा लावलाय का म्हणून दर चौकात विचारलंत, आणि तुम्ही पुढे एकटे, त्या मेलेल्या चाकासमोर?"

श्रीरंगरावांनी हातातलं भिंग खिशात घातलं, परत काढलं. मग अखेर सांगून टाकलं. कानपूर रोड, ती डावी बाजू, ती चप्पल. "मी घाबरलो होतो गं. सांगलीचा रस्ता एवढा लांब. म्हटलं, तुला काही झालं तर... यायचं नव्हतं असं नाही. तुला त्या सीटवर बसवायचं धैर्य नव्हतं."

पद्मिनीताईंनी चष्मा काढला. पदरानं पुसायला लागल्या, आधी काचा, मग डोळे. जयसिंगला मराठी येत नव्हतं, तरी तो "चाय बोलता हूँ" म्हणून बाहेर निघून गेला.

"आणि तुम्हाला काही झालं असतं तर?" त्या म्हणाल्या. "मागच्या सीटवर धडधाकट बसून मी काय करायचं होतं? सांगा ना. एवढी निरीक्षणं केलीत, ह्याचं उत्तर सांगा. काय करायचं होतं मी?"

श्रीरंगरावांनी भिंग खिशात ठेवून दिलं. "ह्याचा विचार केला नव्हता," ते म्हणाले.

"मग करा," पद्मिनीताईंनी चष्मा चढवला. "सांगलीपर्यंत रस्ता मोठा आहे. मी शेजारीच बसलेली असेन."